आधी दिले, मग विकले

व्यापारी घरातील मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते: कोणती बाब दुकानाच्या ओट्यावर बोलावयाची आणि कोणती घराच्या आत. मालाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव सरळ अंकांत न लिहिता सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. ती अक्षरे शेजारच्या दुकानदाराला तर सोडाच, नव्या नोकरालाही सांगितली जात नसत. बँकेतील नोकरीमुळे मला कितीतरी पेढ्यांच्या वह्या जवळून पाहावयास मिळाल्या आणि ही गुप्तता बहुधा रास्त कारणासाठी असते हेही पटले. तरीही एक प्रश्न मनात राहिलाच. धंद्यातील कोणते ज्ञान झाकून ठेवल्याने टिकते आणि कोणते उघडे केल्याने वाढते? या प्रश्नाचा विचार करताना मला कॅलिफोर्नियातील एका मंडळाची हकीकत आठवते. मंडळ हौशी लोकांचे होते. तेथे कोणी पगार घेत नव्हते, प्रवेश फी नव्हती. परंतु आज घरोघरी जो संगणक दिसतो, त्याच्या व्यापाराचा बराचसा पाया तेथे घातला गेला.

काळ १९७५ सालचा. त्या वेळी संगणक म्हणजे विद्यापीठे, सरकारी खाती आणि मोठ्या कंपन्या यांच्या वातानुकूलित खोल्यांत ठेवलेले अवाढव्य यंत्र. सामान्य माणसाने तो विकत घ्यावा ही कल्पनाच हास्यास्पद वाटे. अशा वेळी जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाची एक पेटी झळकली. किंमत सुमारे चारशे डॉलर. पैसे पाठविले की टपालाने सुट्या भागांचा संच यावयाचा आणि तो घरी झाळून, जोडून उभा करावयाचा. त्याला ना कळफलक, ना पडदा. दर्शनी भागावर खटक्यांच्या रांगा आणि लुकलुकणारे दिवे, एवढेच. स्मृती २५६ बाइटची. मराठी लिपीतील एखादे लांबलचक वाक्यही तिच्यात मावणार नाही.

ही पेटी बनविणारे एड रॉबर्ट्स यांची एमआयटीएस ही कंपनी न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की येथे होती. तिचा मूळ धंदा कॅल्क्युलेटरचा. मोठ्या कंपन्यांनी भाव पाडल्यामुळे तो बुडाला होता आणि डोक्यावर सुमारे तीन लाख डॉलरचे देणे होते. तशाही स्थितीत बँकेने त्यांना आणखी ६५,००० डॉलर दिले. निदान दोनशे पेट्या खपल्या तर खर्च भरून निघेल असा हिशेब होता. कर्जमंजुरीच्या खुर्चीत मीही बसलो आहे. एक धंदा बुडालेला, आणि दुसरा असा की ज्याच्या मालाला अजून बाजारच नाही! त्या अल्बुकर्कीच्या व्यवस्थापकाने कोणता विचार करून सही केली असेल, याचे मला आजही कुतूहल वाटते. मासिक बाजारात आल्यावर काही महिन्यांतच मागण्या हजारांच्या घरात गेल्या.

पैसे पाठविलेल्यांची अडचण मात्र तेथूनच सुरू झाली. संच उशिरा येई, अर्धवट येई; जोडला तरी चालेलच याचा भरवसा नसे; आणि चाललाच, तर त्याचे करावयाचे काय, हे सांगणारा कोणी नसे. कोणाला विजेच्या जोडण्या समजत, पण प्रोग्रॅम लिहिता येत नसे. कोणाचे नेमके उलट. प्रत्येकाजवळ थोडे होते आणि प्रत्येकाचे काहीतरी अडले होते.

येथे फ्रेड मूर या गृहस्थाचा प्रवेश होतो. हा मनुष्य अभियंता नव्हता, व्यापारी तर मुळीच नव्हता. १९५९ साली बर्कले येथील विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध, विद्यार्थिदशेत असताना, तो एकटा पायऱ्यांवर उपोषणास बसला होता. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक विलक्षण मेळावा झाला. एका लोकप्रिय सूचिग्रंथाच्या संपादकाने, प्रकाशन बंद करताना, जमलेल्या लोकांपुढे २०,००० डॉलर रोख ठेवले आणि याचे काय करावयाचे ते तुम्हीच ठरवा असे सांगितले. रात्रभर वाद झाला, काही रक्कम हातोहात गेली, आणि पहाटे उरलेले सुमारे पंधरा हजार डॉलर सांभाळण्याची जबाबदारी मूरवर येऊन पडली. पैशावर त्याचा विश्वासच नव्हता. त्याने ती रोकड डब्यात घालून अंगणात पुरून ठेवली. (पंधरा हजार डॉलर, आणि व्याज शून्य! बँकवाल्याच्या जिवाला हे लागल्यावाचून राहात नाही.) त्याचे म्हणणे असे की खरे भांडवल पैसा नसून माणसांच्या अंगी असलेले कसब आहे, कोणाजवळ काय आहे आणि कोणाला काय हवे आहे, याची नोंद ठेवली की पुष्कळ कामे पैशावाचून होतील. म्हणून तो लहान लहान कार्डांवर माणसांची नावे, त्यांचे कौशल्य आणि त्यांची गरज लिहून ठेवी. कार्डे वाढत गेली आणि ती लावण्यासाठी संगणक मिळाला तर बरे, या विचाराने तो संगणकाकडे वळला.

मूर आणि गॉर्डन फ्रेंच या अभियंत्याने मिळून एक हस्तपत्रक काढले. घरी संगणक किंवा तत्सम यंत्र बनवीत असाल तर या, माहितीची देवघेव करू, एकमेकांना मदत करू, असा त्याचा आशय होता. ५ मार्च १९७५ रोजी, पावसाळी संध्याकाळी, मेन्लो पार्क गावी फ्रेंचच्या घरच्या गॅरेजमध्ये ३२ माणसे जमली. खुर्च्या पुरल्या नाहीत. बरेच जण जमिनीवर बसले. मूरने जमलेल्यांची नावे आणि आवडी टिपून घेतल्या आणि त्याच महिन्यात दोन-चार पानांचे वार्तापत्र काढून सर्वांना पाठविले. मंडळाचे नाव ठरले ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. होमब्रू म्हणजे घरी गाळलेली बिअर. आपल्या वाचकांनी त्यातील ‘घरी केलेले’ एवढाच अर्थ घ्यावा.

मंडळी वाढली तशी दर पंधरवड्याची सभा एका शाळेत आणि पुढे स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्राच्या सभागृहात भरू लागली. ती चालविण्याचे काम ली फेल्सेन्स्टाइन या अभियंत्याकडे आले. याने १९७३ साली बर्कलेतील एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या गरजा आणि देऊ शकण्याजोग्या वस्तू नोंदविता याव्यात म्हणून, दूरच्या संगणकाला जोडलेले टंकयंत्र मित्रांच्या मदतीने ठेवले होते. क्लबातही त्याने तशीच पद्धत घातली. सभेचा पहिला भाग जाहीर बोलण्याचा. ज्याला काही सांगावयाचे असेल त्याने हात वर करावा आणि थोडक्यात बोलावे: माझ्याजवळ अमुक चिप जास्तीची आहे, माझी स्मृतीची पाटी तापते, कोणाजवळ टेलीटाइप आहे काय? लांब चर्चेला तेथे मज्जाव. कोण कोठे बसला आहे, त्याच्याजवळ काय आहे आणि त्याला काय पाहिजे, हे सर्वांना कळले की दुसरा भाग सुरू होई. मग सगळे उठत, आणि ज्याला ज्याच्याशी काम असेल तो त्याला गाठी. बाजार समितीच्या आवारात सौद्याच्या वेळी उभे राहिलेल्या कोणालाही हे दृश्य परके वाटणार नाही. फरक इतकाच की भाव कोणी पुकारीत नसे.

अशी देवघेव मी आमच्या शाखेत लहान प्रमाणावर पाहिली आहे. लेजर पोस्टिंगची यंत्रे आली तेव्हा नवे लिपिक कळफलकावर तरबेज होते आणि जुन्या हेडक्लार्कना ताळा न जुळण्याची कारणे तोंडपाठ होती. प्रशिक्षणाचा वर्ग चार दिवसांचा. खरे शिक्षण पुढले सहा महिने, कामकाज आटोपल्यावर, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी झाले. कोण कोणाचा गुरू हे विषयागणिक बदलत असे.

क्लबाच्या सुरुवातीच्या एका सभेत स्टीव्ह डॉम्पिअर या सदस्याने आपली अल्टेअर पेटी आणली. खटके वरखाली करून त्याने एकेक आज्ञा भरली. तोच कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि सगळे पुसले गेले. बिचाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून भरले. मग जवळ ठेवलेल्या लहानशा रेडिओतून गाण्याची धून ऐकू येऊ लागली! पेटीला आवाज काढण्याची काहीही सोय नव्हती. ती चालताना शेजारच्या रेडिओत जी खरखर उठे, तिलाच त्याने हिशेबाने स्वरांत बसविले होते. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. युक्ती कशी केली हे त्याने लपविले नाही. पुढे लिहून प्रसिद्धही केले.

त्या पहिल्या सभेला एक लाजाळू तरुण आला होता. हा स्टीव्ह वॉझ्नियाक. तो ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत कॅल्क्युलेटरच्या विभागात अभियंता होता. नव्या मायक्रोप्रोसेसरची त्याला फारशी माहिती नव्हती. सभेत मिळालेला माहितीचा कागद घरी नेऊन त्याने वाचला आणि त्याच्या मनात संगणकाचा आराखडा आकार घेऊ लागला. इंटेलची चिप त्याच्या खिशाला परवडणारी नव्हती. सप्टेंबर १९७५ मध्ये मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने वीस-पंचवीस डॉलरला चिप विकावयास काढली, तेव्हा त्याने ती घेतली आणि तिच्याभोवती कळफलक व टीव्हीचा पडदा जोडता येईल असे यंत्र बनविले. भरसभेत बोलण्याचे त्याला धैर्य नसे. म्हणून तो यंत्र मागच्या बाजूला मांडून बसे आणि विचारणाऱ्याला आराखड्याच्या प्रती फुकट देई. इतकेच नव्हे, काही जणांच्या घरी जाऊन त्याने त्यांना ते जोडण्यास मदतही केली.

येथपर्यंतची हकीकत गोड आहे. परंतु देण्याघेण्याच्या या उत्साहात एक वस्तू अशी वाटली गेली की जी देण्याचा अधिकार वाटणाऱ्यांना नव्हता.

अल्टेअरसाठी बेसिक भाषेचा प्रोग्रॅम बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी, आणखी एका सहकाऱ्याच्या मदतीने, लिहिला होता. विक्री एमआयटीएसतर्फे. त्या कंपनीची रीत अशी की तिच्याच स्मृतीच्या पाट्या घेतल्या तर बेसिक स्वस्त आणि नुसता प्रोग्रॅम मागितला तर कितीतरी पट महाग. त्या पाट्या धड चालत नसत. बॉब मार्श या क्लबसदस्याने तशाच पाट्या स्वतः बनवून विकावयास काढल्या होत्या आणि त्या चालत होत्या. खपणाऱ्या मालाबरोबर न खपणारा माल गळ्यात घालण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगावयास नको. गिऱ्हाईक चिडलेले होते. जून १९७५ मध्ये एमआयटीएसची प्रदर्शनाची गाडी पालो आल्टो येथील एका हॉटेलात आली असता, बेसिक साठविलेली छिद्रांची कागदी पट्टी कोणीतरी उचलली. ती डॅन सोकोल या सदस्याच्या हाती आली. त्याने यंत्रावर तिच्या पन्नासांहून अधिक प्रती काढल्या आणि क्लबात वाटल्या. अट एकच: एक पट्टी न्यावी, तिच्या प्रती काढाव्यात आणि पुढल्या सभेला दोन घेऊन यावे. चक्रवाढीचे गणित कोणीही करून पाहावे.

३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी सर्व हौशी मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले. ते तेव्हा वीस वर्षांचे होते. पत्राचा सूर कडक होता. अल्टेअर घेतलेल्यांपैकी दहा टक्क्यांनीसुद्धा आमचा प्रोग्रॅम विकत घेतलेला नाही. तो तयार करण्यास चाळीस हजार डॉलरहून अधिक किमतीचा संगणकवेळ लागला. मिळालेल्या मोबदल्याचा हिशेब केला तर आमच्या श्रमाला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. यंत्राचे पैसे देता, मग प्रोग्रॅमचेच का देत नाही? तुम्ही चोरी करता, असे त्यांनी उघड म्हटले. क्लबाच्या वार्तापत्राने ते पत्र छापले.

माझे मत विचाराल तर हिशेबाच्या बाजूने गेट्स बरोबर होते. श्रम करणाऱ्याने आपण होऊन दिले तर ते दान. त्याला न विचारता घेतले तर त्याला दुसरे नाव आहे. वॉझ्नियाकचा आराखडा आणि सोकोलची पट्टी या दोन गोष्टी त्या सभागृहात शेजारी शेजारी वाटल्या गेल्या, पण वहीत त्या एका खात्यावर चढविता येणार नाहीत. कायद्याचे चित्र त्या वेळी धूसर होते हे मान्य. प्रोग्रॅमला प्रताधिकाराचे संरक्षण आहे हे अमेरिकन कायद्यात स्पष्टपणे आले ते १९८० साली. मात्र व्यवहाराच्या बाजूने पाहता एक गोष्ट गेट्स यांच्या पत्रात आलेली नाही. फुकट फिरलेल्या त्या पट्ट्यांमुळेच त्यांचा बेसिक जिकडेतिकडे रुळला; पुढे नव्या यंत्रांच्या कारखानदारांना भाषा हवी झाली, तेव्हा लोकांना ठाऊक असलेली भाषा तीच होती.

या वादात मला सर्वांत आवडलेला मनुष्य तिसराच आहे. टॉम पिटमन हा क्लबाचा सदस्य, स्वतंत्रपणे काम करणारा प्रोग्रॅमर. भाव रास्त असेल तर लोक पैसे देतील, चोरणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्याने दुसऱ्या एका चिपसाठी ‘टायनी बेसिक’ ही लहान आवृत्ती लिहिली आणि किंमत ठेवली पाच डॉलर. प्रत काढण्याची कटकट करण्यापेक्षा पाच डॉलर पाठविणे सोपे. टपालाने मागण्या येऊ लागल्या. मित्राकडून प्रत मिळालेल्या काहींनीही मागाहून पैसे पाठविले. तो काही कोट्यधीश झाला नाही, परंतु मेहनतीचा मोबदला त्याला मिळाला आणि आपले म्हणणे त्याने रोकडीने सिद्ध केले. तत्त्वाच्या वादात किंमत किती ठेवली हा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही. पिटमनने तो विचारला.

वॉझ्नियाकच्या आराखड्याचे पुढे काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. स्टीव्ह जॉब्स हा त्याचा मित्रही क्लबात येई. लोक आराखडा नेतात खरे, पण जोडण्याची दगदग त्यांना झेपत नाही, हे त्याने हेरले. छापील सर्किटच्या पाट्या वीस डॉलरला बनवून चाळीसला विकू, असा त्याचा पहिला विचार होता. भांडवलासाठी जॉब्सने आपली गाडी विकली आणि वॉझ्नियाकने किमती कॅल्क्युलेटर. वॉझ्नियाक मात्र आधी आपल्या मालकाकडे गेला. नोकरीत असताना केलेले काम कंपनीला दाखविणे त्याला कर्तव्य वाटले. ह्यूलेट-पॅकार्डने नकार दिला. १ एप्रिल १९७६ रोजी ॲपल ही भागीदारी पेढी स्थापन झाली. माउंटन व्ह्यू येथील बाइट शॉप या दुकानाचे मालक पॉल टेरेल यांनी पन्नास तयार पाट्यांची ऑर्डर दिली. दर ५०० डॉलर, माल हाती पडताच रोख. सुटे भाग आणण्यास पैसे नव्हते. पुरवठादाराने टेरेल यांना फोन करून ऑर्डर खरी आहे याची खात्री केली आणि तीस दिवसांच्या उधारीवर माल दिला. ऑर्डरच्या बळावर मिळालेली उधारी! मुदतीच्या आत पाट्या पोचल्या आणि उधारी फिटली.

तिसरा भागीदार रॉनल्ड वेन याचा हिस्सा दहा टक्के होता. भागीदारीत अमर्याद दायित्व असते, पेढी बुडाली तर देणेकरी आपल्या घरादारापर्यंत येतील, आणि तिघांत मालमत्ता असलेला आपण एकटेच, हे ओळखून तो अकरा-बारा दिवसांत बाहेर पडला. हिश्शाचे त्याला ८०० डॉलर मिळाले. जग त्याला हसते. भागीदारी करारांवरील सह्या वर्षानुवर्षे तपासलेल्या माणसाला ते हसू येत नाही.

सभागृहाच्या मागच्या बाजूला खोक्यातून पुस्तके विकणाऱ्या एका गृहस्थाचा उल्लेख येथेच करतो, कारण त्याचे आपल्या देशाशी नाते आहे. ॲडम ऑस्बोर्न याचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले. मायक्रोप्रोसेसरवर त्याने स्वतः लिहिलेली पुस्तके क्लबातील मंडळी घेत. १९८१ साली त्याने उचलून नेता येणारा संगणक १,७९५ डॉलरला बाजारात आणला. त्याचा आराखडा सभेचे सूत्रचालक फेल्सेन्स्टाइन यांनीच केला होता. दोनच वर्षांत त्या कंपनीचे दिवाळे निघाले. पुढे तो भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनाल येथे वारला.

क्लबातून वीसहून अधिक कंपन्या निघाल्या असे मानतात. जसजशा त्या निघाल्या, तसतशी सभेतील भाषा बदलली. काल जो शेजारी बसून आपली अडचण सांगत होता, तो आज प्रतिस्पर्धी झाला. पुढल्या यंत्रात काय असेल, असे विचारल्यावर पूर्वी कागद पुढे येई. आता हसून विषय बदलला जाई. कंपनीत गुंतलेल्यांचे येणे कमी झाले. हे वाईट झाले असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही, कारण पगार, भाडे आणि उधारीची मुदत या गोष्टी आल्या की तोंड मिटावेच लागते. फ्रेड मूर तर पहिल्या वर्षातच क्लबापासून दूर झाला होता. कसबाची नोंदवही उघडणाऱ्या या माणसाच्या नावावर त्या वीसपैकी एकही कंपनी नाही. आणि असती तर तिचा हिशेब त्याने कोठे पुरून ठेवला असता, देव जाणे.

नवशिके मात्र येत राहिले. त्यांच्यासाठी हात वर करून आपली अडचण सांगण्याची वेळ पूर्वीसारखीच राखून ठेवलेली असे. क्लबाची शेवटची सभा डिसेंबर १९८६ मध्ये झाली. तोपर्यंत संगणक दुकानात मांडलेला मिळत होता, हमीपत्रासह, आणि तो जोडण्यासाठी कोणाला विचारण्याची गरज उरली नव्हती.